रुमालापुरतं कापड

त्या घरात सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न एकच असायचा. "ताई, आज किती कापड?"

ताई पडल्या पडल्या अंगातल्या बळाचा अंदाज घ्यायची आणि सांगायची. झकास दिवस असला तर "बाहीपुरतं." बरा असला तर "रुमालापुरतं." काही दिवशी ती तोंडच उघडायची नाही, नुसती दोन बोटं हलवायची. म्हणजे चिंधी. चिंधीच्या दिवशी मिक्सर बंद, रेडिओ बंद, पडदे ओढलेले, आणि भोंग्याच्या तोंडालाही कुलूप.

भोंगा म्हणजे धाकटी. वय वर्षं सोळा, आवाज दोन मजले खाली ऐकू जाईल असा. हे नाव ताईनंच ठेवलेलं, ती आजारी पडायच्या आधी, आणि तेव्हा ती थट्टा होती. यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत भोंग्यानं पहिला नंबर पटकावला आणि थट्टेची पदवी झाली. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी मुलगी आता दूधवाल्यालासुद्धा तीन मुद्द्यांत पटवून द्यायची की दूध पातळ आहे.

ताई होती कपडे कापणारी. एका मोठ्या शिवणघरात कोट कापायची. मशिनवर बसणाऱ्या पुष्कळ होत्या, पण कात्री ताईच्या हातात. कापड टेबलावर पसरायचं, खडूनं रेघ मारायची आणि एकदा कात्री लावली की मागे वळून पाहायचं नाही. मग एका वर्षी तिला साधा ताप आला. ताप गेला आणि जाताना ताईला बरोबर घेऊन गेला, असं आई म्हणायची. डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्यांनंतर नाव दिलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. नावानंच घात केला. थकवा ऐकला की जो तो म्हणतो, अगं, मी पण थकते. हा थकवा झोपून जात नाही, हे सांगेपर्यंत सांगणारा थकतो. आज अंगातलं कापड जरा जास्त वापरलं, तर शिक्षा आज होत नाही. परवा होते, आणि मग आठवडा आठवडा उठता येत नाही. म्हणून त्या घरात सगळं मोजूनमापून. अंघोळ केली तर केस नाहीत. केस धुतले तर बोलणं नाही. सगळा जन्म कटपीसमध्ये बसवायचा.

तरी गेल्या काही महिन्यांत ताई जराशी सावरली होती. रोज थोडा वेळ खिडकीपाशी बसायची आणि कात्री चालवायची. शिवणघराच्या मालकीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी राखाडी लोकरी कापड पाठवलं. एक कोट कापून दाखव, हात पूर्वीसारखाच असेल तर घरी काम पाठवत जाईन, असा निरोप. त्या दिवशी ताई खूप दिवसांनी हसली, आणि हसण्यात गेलेलं कापड दुसऱ्या दिवशी भरून निघालं नाही तरी कुणी कुरकुर केली नाही. कोटाची पाठ कापून झाली, पुढच्या दोन्ही बाजू कापून झाल्या. बाह्या राहिल्या. कापणाऱ्याची परीक्षा बाहीतच असते, ताई म्हणायची. मुंढ्याचा, म्हणजे खांद्याशी बाही जोडतात तिथला, गोलवा बोटभर चुकला की अख्खा कोट माणसाच्या अंगावर रुसून बसतो.

आणि नेमकी तेव्हाच अक्कलदाढ उपटली. म्हणजे उपटायची वेळ आली. खालची, उजवीकडची, आडवी. हिरडी सुजायची, ताप यायचा, औषधानं उतरायचा, पुन्हा यायचा. प्रत्येक तापाबरोबर ताईचं बाहीपुरतं कापड रुमालापुरतं व्हायचं. दाढ काढणं भागच होतं. पण दात-दाढांच्या खुर्चीची धास्तीही होती. दोन वर्षांपूर्वी नुसता दात भरायला गेली तेव्हा भुलीच्या इंजेक्शनात रक्त थांबवायला जे औषध मिसळतात, त्यानं तिची छाती दिवसभर धडधडत राहिली आणि पुढचा महिनाभर ती भिंतीकडे तोंड करून पडली. म्हणून घरात एकच नवस म्हणा, घोषणा म्हणा, ठरली: दाढ जावी आणि कात्री राहावी.

आईनं दवाखान्यात फोन केला. आई तशी फोनवर अर्ध्या वाक्यात गप्प होणारी, पण या वेळी तिनं सगळं सांगितलं. त्या औषधाशिवायचं इंजेक्शन हवं. खुर्ची पार आडवी नको. दिवा डोळ्यांवर नको. मधे मधे थांबा. बाहेर ताटकळत ठेवू नका, आणि धाकटीला आत राहू द्या. पलीकडून डॉक्टर स्वतः हो हो म्हणाले. हो हो, आणा तर खरं, बघू. आईला ते हो हो ऐकू आलं. बघू ऐकू आलं नाही.

मग सुरू झाली तयारी, आणि तयारीची सूत्रं भोंग्यानं हातात घेतली. तिचं म्हणणं साधं होतं. दाढेच्या दिवशी ताईच्या अंगात भरपूर कापड हवं. म्हणून तोवर साठवायचं. कात्री बंद, खिडकी बंद, गप्पा बंद. पलंगाशेजारी पाणी, औषधं आणि एक घंटी. भोंगा शाळेतून आली की बूट दाराबाहेर काढून मांजरासारखी यायची. मिक्सर शेजारच्यांकडे नेऊन फिरवायची. ताई म्हणाली, मला लोणच्यासारखी मुरवत ठेवलीय. पण ती निजली. रोज सकाळी प्रश्न यायचा आणि रोज उत्तर जरा लांब व्हायचं. बाहीपुरतं. दोन बाह्यांपुरतं. शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाली, अर्धा कोट निघेल, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

तयारीचा दुसरा भाग भोंग्याला सगळ्यात प्रिय. स्पर्धेच्या आधी तिच्या बाईंनी तिला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. तुम्ही तोंड उघडायच्या आधी लोकांनी तुम्हाला पाहिलेलं असतं. इस्त्री हवी, पाठ ताठ हवी, चेहरा प्रसन्न हवा, मग शब्दाला वजन येतं. भोंग्याला ते पटलं होतं, कारण तिच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरलं होतं. तेव्हा तिनं ठरवलं, ताईला गबाळी न्यायची नाही. गबाळ्या माणसाचं कोण ऐकतं? दोन दिवस आधी तिनं ताईला पलंगावर आडवी ठेवून, डोक्याखाली परात धरून केस धुतले. निळा ड्रेस इस्त्री केला. आदल्या संध्याकाळी नखं कापली. निघायच्या आधी ओठांना किंचित रंग लावला आणि त्याच बोटानं गालांवर पुसला.

ताईनं आरशात पाहिलं. मग म्हणाली, "भोंग्या, कोट तपासताना मी आधी काय करायचे माहितेय? उलटा करून बघायचे. सुलट्या बाजूनं सगळे कोट चांगलेच दिसतात."

भोंग्याला वाटलं, ताईला कामाची आठवण येतेय. तिनं केसांना शेवटचा हात फिरवला.

गाडी मावशीची. मावशी मनानं वाईट नाही, पण तिचं मन आणि तोंड यांची कधी गाठ पडत नाही. तिनं ताईला दारात पाहिलं आणि हातच जोडले. म्हणाली, "बघ, मनावर घेतलं की होतं की नाही? मी काय सांगत होते इतके दिवस?" ताईनं उत्तर दिलं नाही. उत्तराला लागणारं कापड तिनं दाढेसाठी राखून ठेवलं होतं. ताईची चाकांची खुर्ची घडी करून डिकीत घालायची होती, त्यावर मावशी म्हणाली, कशाला ती उचलाउचल, गाडी पार दारात नेते. आई घुटमळली. भोंगा म्हणाली, राहू दे आई, ताईकडे आज अर्धा कोट आहे. खुर्ची जिन्याखालीच राहिली.

दवाखान्यात ताई गाडीतून उतरून स्वतःच्या पायांनी आत गेली. काउंटरवरच्या बाईनं मान वर केली आणि विचारलं, पेशंट कोण? आई पुढे होऊन हळू आवाजात सांगू लागली की फोनवर बोलणं झालं होतं, हिला बसवून ठेवू नका. बाईनं ताईकडे पाहिलं, धुतलेल्या केसांकडे पाहिलं, आणि समोर गाल सुजून बसलेल्या आजोबांकडे बोट दाखवलं. सगळ्यांनाच घाई असते, म्हणाली. बसा.

बसल्या. पांढरे दिवे, भिंतीवर चालू टीव्ही, एक मूल रडतंय, ड्रिलचा आवाज दाराच्या फटीतून येतोय. ताईनं डोळे मिटले. भोंगा तिच्या शेजारी बसून कापड विरताना पाहत होती. आधी ताईचा हात मांडीवरून घसरला, मग पाठ खुर्चीला टेकली. पण गालांवरचा रंग जागचा हलला नाही. रंग चांगल्या प्रतीचा होता.

नाव पुकारलं गेलं तेव्हा भोंगा ताडकन उठली. तिच्या आयुष्यातली ही खरी स्पर्धा होती आणि भाषण पाठ होतं. डॉक्टर मध्यमवयीन, हसतमुख, बाह्या दुमडलेल्या. बरोबर एक नर्स आणि शिकाऊ मुलंमुली. भोंगा पाठ ताठ करून उभी राहिली आणि बोलली. ताईचा आजार काय, तो कसा दिसत नाही, औषध मिसळलेलं इंजेक्शन का नको, मागच्या वेळी काय झालं, खुर्ची किती आडवी, दिवा कुठे, थांबायची खूण कोणती. ताई उजवा हात वर करेल तेव्हा थांबायचं. एकही मुद्दा सुटला नाही, एकदाही अडखळली नाही. शेवटी ती दोन पावलं मागे आली, स्पर्धेत येतात तशी.

डॉक्टर कौतुकानं ऐकत होते. शिकाऊ मुलांकडे वळून म्हणाले, असं बोलता आलं पाहिजे बघा. मग भोंग्याला म्हणाले, "सुरेख बोलतेस गं. स्पर्धांना जातेस का?"

भोंगा म्हणाली, "हो." आणि त्या क्षणी, एवढ्याशा क्षणी, ती खूश झाली. तो क्षण तिला पुढे फार छळणार होता.

एका शिकाऊ मुलीनं टाळी वाजवल्यासारखं केलं. डॉक्टर ताईकडे वळले. म्हणाले, तब्येत तर ठणठणीत दिसतेय, उगाच भीती घालून घेतलीत घरच्यांनी. ताई म्हणाली, "डॉक्टर, ते इंजेक्शन मला खरंच नको." तिचा आवाज कापडाच्या शेवटच्या टोकासारखा आला. डॉक्टरांनी समजूत घातली. त्याशिवाय रक्त जास्त येतं, वेळ लागतो, म्हणजे तुम्हालाच त्रास. अगदी थोडंसं देतो, कळणारसुद्धा नाही. आणि आता नातेवाईक बाहेर.

भोंगा म्हणाली, फोनवर ठरलं होतं. नर्स गोड हसली आणि तिचा दंड धरून तिला दारापर्यंत घेऊन आली. दार लागलं. भोंगा दारासमोर उभी राहिली. जगातले सगळे शब्द तिच्याजवळ होते आणि एकालाही आत प्रवेश नव्हता. आईनं विचारलं, ऐकलं ना त्यांनी? भोंगा म्हणाली, हो, फार लक्षपूर्वक.

आत काय झालं ते ताईनं नंतर सांगितलं, कितीतरी दिवसांनी, चिंध्या चिंध्या जोडून. इंजेक्शन दिल्यावर लगेच छाती धडधडायला लागली. खुर्ची पार आडवी झाली, दिवा डोळ्यांवर आला. तोंड उघडं, जीभ बधिर. ताईनं ठरल्याप्रमाणे उजवा हात वर केला. नर्सनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, हळूच खाली आणला आणि कुरवाळत राहिली. घाबरू नकोस हं राणी, झालंच. ताईनं पुन्हा हात वर करायचा प्रयत्न केला. नर्सनं तो आणखी मायेनं धरला. शेवटपर्यंत धरून ठेवला.

दाढ मात्र सुंदर निघाली. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, एकसंध निघाली, तुकडा राहिला नाही.

त्या संध्याकाळी ताई ठीक होती. जिभेला शुद्ध आल्यावर बर्फ चोखत चोखत म्हणाली, माझी अक्कल आता बशीत आहे. मावशीनं फोन करून विचारलं आणि म्हणाली, बघा, उगाच केवढा बाऊ. दुसऱ्या दिवशीही ताई उशीला टेकून बसली. भोंग्याला वाटलं, सुटलो. आईला वाटलं नाही. आईनं पडदे ओढून घेतले आणि वाट पाहिली.

तिसऱ्या सकाळी भोंग्यानं दारातून विचारलं, ताई, आज किती कापड? उत्तर नाही. बोटंही हलली नाहीत.

टाके काढायला जायचा दिवस आला तोवर ताई कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात मागत होती. आवाज सहन होत नव्हता, उजेड सहन होत नव्हता, आईनं भरवलेलं पातळ सूप गिळता गिळता ती मधेच झोपून जायची. केस धुणं सोडा, विंचरताही आले नव्हते. डोक्याखालच्या बाजूला त्यांचा गोळा झाला होता. अंगात तोच चुरगळलेला गाऊन. शेजारच्या दोघांनी तिला चाकांच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. कानांत कापूस, डोळ्यांवर गॉगल, मान एका बाजूला. भोंग्यानं कंगवा हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

दवाखान्याचं दार उघडलं आणि काउंटरवरची बाई उभी राहिली. अहो, हिला आधी घ्या, ती कुणाला तरी म्हणाली. टीव्ही बंद झाला, कुणी सांगितलंही नव्हतं. गाल सुजलेल्या एका बाईंनी आपल्या मुलाला गप्प केलं. डॉक्टर स्वतः बाहेर आले. हिला हलवू नका, मीच येतो, म्हणाले. कॉरिडॉरचे अर्धे दिवे मालवले. गुडघ्यांवर बसून, छोट्या बॅटरीच्या उजेडात, मधे मधे थांबत त्यांनी टाके काढले. नर्स म्हणाली, दुखलं तर हात वर कर हं. ताईचा हात मांडीवर पडून होता. तो वर करण्यापुरतं कापडही तिच्यात नव्हतं.

हे सगळं आईनं फोनवर मागितलेलं होतं. शब्द न शब्द. भोंगा भिंतीला टेकून पाहत होती.

डॉक्टर उठले, हातमोजे काढले. जखम उत्तम भरलीय, म्हणाले. मग ताईकडे पाहून आवाज खाली आणला आणि भोंग्यालाच विचारलं, कारण ती चांगलं बोलते हे त्यांच्या लक्षात होतं. "अगं, पण हिची तब्येत अशी असते, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? त्या दिवशी तर किती छान होती."

शिकाऊ मुलंमुलीही भोंग्याकडे पाहू लागली. तिला सगळं येत होतं. प्रस्तावना, मुद्दे, समारोप.

"त्या दिवशी आम्ही तयारी करून आलो होतो," ती म्हणाली. इतक्या हळू की आईलाही जेमतेम ऐकू गेलं. "आज नाही केली."

डॉक्टरांनी समजल्यासारखी मान हलवली. डावीकडची दाढही आडवीच आहे, पुढेमागे तीही काढावी लागेल, म्हणाले, पण आता आपल्याला कल्पना आहे. नर्सनं ताईचा हात कुरवाळला.

गाडी मावशीच चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर एकदम रडायला लागली. म्हणाली, मला काय माहीत इतकं असतं ते. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. मागच्या सीटवर ताईचं डोकं भोंग्याच्या मांडीवर होतं. बऱ्याच वेळानं ताईचे ओठ हलले. भोंगा वाकली.

"डाव्या दाढेला," ताई पुटपुटली, "माझे केस नको विंचरूस."

ती थट्टा होती. भोंग्याला हसायला हवं होतं.

मालकीणबाई एकदा येऊन गेल्या. ताईच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या, आत डोकावल्या आणि तशाच मागे फिरल्या. टेबलावरचं राखाडी कापड त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. पाठ, दोन पुढच्या बाजू. हात तोच आहे, त्या म्हणाल्या, आईला नाही, कापडाला म्हटल्यासारखं. राहू दे इथेच, बरी झाली की बाह्या कापेल. काम मात्र त्यांनी दुसरीकडे दिलं. द्यावंच लागलं असतं.

बाह्यांची रेघ ताईनं दाढेच्या आधीच आखून ठेवली होती, दोन्ही मुंढ्यांचे गोलवे, केसाइतक्या बारीक खडूनं. पण शिंप्याचा खडू टिकत नाही. वाऱ्यानं, धुळीनं, नुसत्या दिवसांनी तो उडतो. भोंग्याच्या ते उशिरा लक्षात आलं. आता ती शाळेतून आली की बूट बाहेर काढते, ताईच्या दारातून विचारते, थोडं थांबते, आणि मग टेबलाशी येऊन पुसट झालेली रेघ खडूनं पुन्हा गिरवते. तिचा हात ताईसारखा नाही. दर वेळी रेघ जराशी जाड होते. आता ती बोटाएवढी रुंद झाली आहे, आणि कात्री तिच्या कुठल्या कडेनं चालवायची, हे भोंग्याला सांगता येत नाही.